आमची पुतणी कमी दिवसांची जन्मली आणि एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, वारली. तिच्या नावाने अशाच बाळांसाठी निधी उभारायचा आहे. तो कुठे आणि कसा द्यावा?

तुम्ही लिहिले आहे, की तुमच्या भावाची मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मली, काही दिवस काचेच्या पेटीत राहिली आणि गेली. आता घरच्यांनी, नातेवाइकांनी आणि मित्रांनी मिळून पैसे जमवून, ज्या सरकारी रुग्णालयात तिच्यावर उपचार झाले तिथेच तिच्या नावाने एखादे यंत्र द्यावे असे ठरत आहे आणि परदेशातले तुमचे थोरले बंधू त्यात मोठा वाटा उचलणार आहेत. मी शासकीय रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातून परिसेविका, म्हणजे कक्षाची प्रमुख परिचारिका, म्हणून निवृत्त झाले. अशा देणग्या स्वीकारणाऱ्यांच्या बाजूला मी बरीच वर्षे उभी होते, म्हणून त्या बाजूने जे दिसते ते लिहिते. सांत्वनाचे शब्द तुम्ही आतापर्यंत पुष्कळ ऐकले असतील, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

माझे मत आधीच सांगून टाकते: यंत्र देऊ नका, निदान सुरुवात तरी यंत्रापासून करू नका.

देणगीदारांना यंत्र आवडते, कारण ते डोळ्यांना दिसते, त्यावर नावाची पाटी लावता येते आणि ते दिल्याचा छोटासा कार्यक्रमही करता येतो. कक्षाच्या दृष्टीने मात्र यंत्र दारातून आत येते त्या दिवसापासून त्याचा खर्च सुरू होतो. आमच्याकडे एका कुटुंबाने मोठ्या मायेने सीपॅपचे यंत्र दिले होते. कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसे पुरती तयार नसतात, श्वास सोडला की ती मिटू पाहतात. नाकातून सतत ठरावीक दाबाने हवा देऊन त्यांना उघडे ठेवणे हे सीपॅपचे काम. यंत्र उत्तम प्रतीचे होते, पण त्याला नाकात बसवायच्या नळ्या त्याच कंपनीच्या लागत आणि एक किलोच्या बाळाला बसेल असा आकार रुग्णालयाच्या खरेदीच्या यादीत नव्हता. सोबत आलेल्या नळ्या होत्या तोवर यंत्र चालले. त्या संपल्यावर मागणीपत्रे वर गेली, वरून शेरे मारून खाली आली, आणि यंत्र पितळी पाटीसकट चादरीखाली झाकून कोपऱ्यात गेले. त्या बाळाचे आजोबा पुढे एकदा सहज भेटायला आले, तेव्हा त्यांना ती चादर दिसू नये म्हणून आमच्या एका सिस्टरने त्यांना व्हरांड्यातच बोलत उभे केले होते. विजेचा भार हाही साधा प्रश्न नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून १० बाळे दगावली. तेव्हापासून कक्षात आणखी एक उपकरण जोडायचे म्हटले की जुन्या इमारतीची वायरिंग ते पेलेल का, हे आम्ही आधी विचारू लागलो, आणि देणाऱ्यांनीही ते विचारले पाहिजे.

याउलट ज्या वस्तूंकडे कोणाचे लक्ष जात नाही त्या आम्हाला सतत कमी पडत. बाळाच्या पावलाभोवती गुंडाळायचा पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब घ्या. बोटभर रुंदीची पट्टी, तिच्यात बारीक लाल दिवा आणि पुढे लांब वायर. ही वायर पेटीच्या दारात अडकते, वाकते, पुसून पुसून कडक होते आणि एक दिवस आतून तुटते. मग मॉनिटर धड असूनही आकडा दिसत नाही, किंवा दिसतो तो खोटा असतो. ऑक्सिजन कमी पडला तर बाळाच्या जिवाला धोका आणि जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला धोका, म्हणून ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळाचे सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण, साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या मध्ये ठेवायचे असते. तो आकडाच नसेल तर सिस्टरने काय करायचे? बाळाच्या ओठांचा रंग पाहून अंदाज बांधायचा, एवढेच हातात उरते. म्हणून तुम्ही कक्षात जाल तेव्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांबरोबर परिसेविकेलाही भेटा आणि तिला एकच विचारा, की गेल्या महिन्यात कोणती वस्तू संपल्यामुळे काम अडले. त्या उत्तराची यादी करून वर्षभर पुरवत राहिलात, तर यंत्रापेक्षा स्वस्तात जास्त बाळांच्या उपयोगी पडाल.

पण निधीचा मोठा भाग मी याहीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर घालीन. तो आई बाळाजवळ राहू शकेल यावर घालावा.

कमी दिवसांच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवणे, ज्याला आम्ही कांगारू केअर म्हणतो, ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी सुरू केली. तिथे पेट्या अपुऱ्या होत्या, संसर्ग फार होता, म्हणून निघालेला तो मार्ग होता, आणि पुष्कळ काळ आपल्याकडेही त्याला गरिबांचा उपाय समजले जाई. बाळ स्थिरावल्यावर मग आईकडे द्यायचे, अशी रीत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत आणि आफ्रिकेतील चार देशांच्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाने ही रीतच उलटी केली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. एक किलो ते १.८ किलोपेक्षा कमी वजनाची बाळे स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी दिली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. एखाद्या महागड्या औषधाने एवढे केले असते तर त्याच्या जाहिराती लागल्या असत्या.

मग हे सगळीकडे का होत नाही, तर त्याची कारणे अगदी प्रापंचिक आहेत. आईला सुट्टी मिळते, तिची खाट दुसऱ्या बाळंतिणीला जाते आणि बाळ मात्र पुढे कित्येक आठवडे आत असते. १ जून २०११ पासून लागू झालेल्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि ने-आण मोफत आहे. परंतु बाळंतिणीचा मोफत आहार साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस, एवढाच त्यात धरलेला आहे. त्यानंतर काय? सिझेरियनचे टाके ओले असलेली बाई जिन्याखाली सतरंजीवर बसून दर दोन-तीन तासांनी दूध काढायला वर येते, तिचा नवरा रोजंदारी बुडवून दोन दिवस थांबतो आणि तिसऱ्या दिवशी गावाला परततो, सासू घरच्या मोठ्या मुलापाशी अडकलेली असते, आणि अशा स्थितीत आम्ही तिला सांगायचे की बाळाला रोज जास्तीत जास्त तास छातीशी धर. काही रुग्णालयांनी आईच्या खाटा कक्षातच आणल्या आहेत, काही ठिकाणी बाळ असेपर्यंत जेवण मिळते. तुमच्या रुग्णालयात काय आहे ते आधी पाहा. जिथे नाही तिथे पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, बाळ बांधून ठेवण्याचे पट्टे, समोरून उघडणारे गाऊन, दोन वेळचा डबा आणि जवळच्या धर्मशाळेतल्या खोलीचे भाडे एवढ्यावर तुमचा निधी खर्च झाला, तर तो नेमक्या जागी खर्च झाला असे मी म्हणेन. डब्यावर पाटी लावता येत नाही हे खरे, पण तुम्हाला पाटीपेक्षा उपयोग हवा आहे असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते.

आईच्या दुधाचेही यातच येते. इतक्या लहान बाळाच्या आतड्याला दुसरे दूध सोसत नाही. आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा जो जीवघेणा आजार असतो, त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो, आणि आईचे पुरेसे नसेल तेव्हा दुसऱ्या मातेने दिलेले दूध उपयोगी पडते. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. दिलेले दूध तिथे ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून, तपासून, गोठवून ठेवतात. तुमच्या शहरात अशी पेढी असेल तर दूध काढण्याचे पंप, बाटल्या, शीतपेटी यांसाठी तिला मदतीची गरज असतेच. एक नाजूक गोष्टही इथेच लिहिते. बाळ गेल्यावरही आईला दूध येत राहते आणि त्याविषयी घरात कोणी बोलत नाही. काही माता ते दूध पेढीला देऊ इच्छितात, काहींना ती कल्पनाही सहन होत नाही. दोन्ही बरोबर आहे, आणि हे तिला सुचवायचे काम सासरच्या मंडळींचे नाही, डॉक्टरांचे किंवा स्तनपान समुपदेशकाचे आहे.

आणखी एक जागा अशी आहे जिथे थोड्या पैशांत फार मोठे काम होते, ती म्हणजे बाळ घरी गेल्यानंतरची तपासणी. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो, आणि फारच लहान बाळांचा त्याही आधी. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू लागल्या असतील तर उपचार दोन-तीन दिवसांत व्हावे लागतात; तेवढी वेळ गेली की बाळ जन्मभरासाठी आंधळे होऊ शकते. पालकांना हे समजत नाही असे नाही. तालुक्याहून जिल्ह्याला यायचे म्हणजे दोघांचे एसटीचे भाडे, एक बुडालेली मजुरी आणि रात्रीचा मुक्काम. बाळ तर वरवर छान दिसत असते, दूध पीत असते, मग पुढच्या आठवड्यात जाऊ असे होते. कक्षातून घरी गेलेल्या बाळांच्या पालकांना तारखेच्या आदल्या दिवशी फोन करणारी एक व्यक्ती आणि हातात प्रवासखर्च, एवढ्याने दृष्टी वाचते.

संशोधनासाठी निधी द्यावा का, असेही तुम्ही शेवटी विचारले आहे. असे करणारी कुटुंबे आहेत. ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन आणि त्यांच्या पत्नी सारा यांची मुलगी जेनिफर २८ डिसेंबर २००१ रोजी सात आठवडे आधी जन्मली आणि ७ जानेवारी २००२ रोजी गेली. तिच्या नावाने उभ्या राहिलेल्या निधीतून एडिनबर्ग विद्यापीठात बाळे वेळेआधी का जन्मतात आणि त्यांचे पुढे काय होते यावर काम करणारी प्रयोगशाळा निघाली. मला त्याचे फार कौतुक आहे, पण त्यासाठी वर्षानुवर्षे मोठ्या रकमा ओढून आणण्याची पोहोच लागते. आपल्यासारख्या कुटुंबाने त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पैशांच्या व्यवहाराचे. घरच्यांनी आपसांत पैसे जमवणे वेगळे. पण पावतीपुस्तक छापून किंवा सार्वजनिक आवाहन करून लोकांकडून पैसे घ्यायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळे वर्गणीपूर्वी घेतात तीच ही. नवा न्यास स्थापन करण्याच्या भानगडीत पडू नका. जिल्हा रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती देणगी घेऊ शकते, मुंबई महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभागाकडे पुअर बॉक्स चॅरिटी फंड असतो, आणि नवजात बाळांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थाही आहेत. रक्कम कशावर खर्च व्हावी हे पत्रात स्पष्ट लिहून, त्याची पोच घेऊनच धनादेश द्या. देणगीदारांना करसवलत हवी असेल तर संस्थेला प्राप्तिकर खात्याची त्यासाठीची मान्यता, जिला ८०-जी म्हणतात, आहे का ते पाहा. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, नव्या करप्रणालीतल्या लोकांना तर मुळीच नाही. थोरल्या बंधूंना त्यांचा पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असूनही ती परदेशी देणगीच, आणि मग घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी.

राहिला तुमचा १७ नोव्हेंबरचा बेत. त्या दिवशी जागतिक अकाली जन्म दिन असतो, म्हणून देणगी तेव्हाच द्यावी हे सुचणे स्वाभाविक आहे. पण पुष्कळ रुग्णालयांत त्या दिवशी इथून बरी होऊन गेलेली मुले आईवडिलांसह जमतात, फुगे असतात, वजनाचे जुने आकडे सांगून कौतुके होतात. तुमच्या वहिनींना, म्हणजे बाळाच्या आईला, त्या खोलीत बसायचे आहे का, हे इतर कोणी ठरवण्याआधी त्यांनाच विचारा, आणि नकार आला तर कारण विचारू नका. तसे झाल्यास साध्या कामाच्या दिवशी, सकाळचा राऊंड आटोपल्यावर अकराच्या पुढे कक्षात जा. त्या वेळी परिसेविका जागेवर असते आणि तुमच्याशी बोलायला तिला जरा उसंत असते.