लक्समीटरवर विसंबू नका, जांभळ्या जिवाणूंचा प्रकाश वेगळा असतो

आपण लिहिले आहे की निफाडजवळच्या शेततळ्यातील गाळापासून वाढवलेले जांभळ्या प्रकाशसंश्लेषी जिवाणूंचे कल्चर पांढऱ्या एलईडी नळीखाली अतिशय संथ वाढते, लक्समीटर मात्र भरपूर प्रकाश दाखवतो आणि आपल्याला आणखी नळ्या लावण्याचा सल्ला मिळाला आहे. तो सल्ला कृपया मानू नका. नाशिकमध्येच हा त्रास मी भोगला आहे.

लक्स हे एकक माणसाच्या डोळ्यासाठी ठरवलेले आहे आणि 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला ते सर्वाधिक महत्त्व देते. आपल्या जिवाणूंचे बॅक्टेरिओक्लोरोफिल, म्हणजे प्रकाश शोषणारे रंगद्रव्य, मात्र मुख्यतः डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपते: एलएच2 हे प्रकाश गोळा करणारे संकुल 800 आणि 850 नॅनोमीटरला, तर अभिक्रिया केंद्राला (जिथे प्रकाशाची ऊर्जा प्रत्यक्ष वापरली जाते) वेढणारे तसेच दुसरे संकुल एलएच1 सुमारे 875 नॅनोमीटरला, आणि ऊर्जा याच क्रमाने केंद्राकडे उतरत जाते. पांढऱ्या एलईडीत हा भाग जवळजवळ नसतोच. जी थोडी वाढ दिसते ती कॅरोटिनॉइडे ही सोबतची रंगद्रव्ये आणि बॅक्टेरिओक्लोरोफिलचे 590 नॅनोमीटरजवळचे शोषण यांच्या बळावर.

आमच्या संस्थेच्या खरेदी विभागाने 850 नॅनोमीटरचे दिवे सदोष ठरवून परत पाठवले, कारण तपासणीच्या तक्त्यात केवळ लक्सचा रकाना होता आणि मीटर शून्य दाखवत होता. शोषणाचा आलेख जोडून मी लेखी खुलासा दिला, तरी तक्त्यात बदल करण्याचा अधिकार कोणाकडे आहे हेच शेवटपर्यंत कळले नाही, आणि त्यात एका विद्यार्थिनीचे संपूर्ण सत्र वाया गेले. याची चीड मला आजही येते. म्हणून मागणीपत्रात तरंगलांबी आणि वॅट प्रति चौरस मीटर असेच लिहा, लक्स हा शब्दही येऊ देऊ नका.

दिवे मिळेपर्यंत जुना टंगस्टनचा बल्ब उत्तम. त्याची उष्णता अडवण्यासाठी बल्ब आणि कल्चर यांच्या मध्ये पाण्याचे काचपात्र ठेवा, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत.

रंगावरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. प्रकाश कमी पडला की हे जिवाणू एलएच2 वाढवतात, त्यामुळे गडद रंग म्हणजे जोमदार वाढ असे नव्हे. उलट ऑक्सिजन शिरला तर रंगद्रव्यांची निर्मितीच दबते, म्हणून कल्चरची नळी काठोकाठ भरून घट्ट बंद करावी. माझा अनुभव गंधकेतर जांभळ्या जिवाणूंपुरताच आहे. हिरव्या गंधक जिवाणूंची प्रकाशग्रहणाची रचना वेगळी असते, त्यांना हे जसेच्या तसे लावू नये.

850 नॅनोमीटरचा झोत डोळ्यांना जेमतेमच जाणवतो, तेव्हा दिवा चालू असताना त्याकडे रोखून पाहू नका.