दिल्लीतली नेहमीची ठिकाणं बघून झाली. हातात एक दिवस आहे, कुठे जाऊ?

लाल किल्ला, इंडिया गेट, कुतुबमिनार झालं आणि आता बसमधून उतरून फोटो काढायची ठिकाणं नकोत, असं तुम्ही लिहिलंय. मी अकरा वर्षं दिल्लीत आहे. माझं सांगणं एकच: पुन्हा कुतुबमिनारच्याच बाजूला जा, फक्त तिकीटखिडकीकडे वळू नका. पलीकडे मेहरौली आहे. बहुतेक लोक मिनार बघून तिथूनच गाडीत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सकाळी लवकर मेहरौलीच्या पुरातत्त्व उद्यानात शिरा. तिकीट नाही. आधी दिल्लीचा सुलतान बलबन याची कबर शोधा, तेराव्या शतकातली. घुमट कधीच पडलाय, वर मोकळं आभाळ. तिथली कमान मात्र नीट बघा. कुतुबच्या आवारातल्या मशिदीच्या कमानी तुम्ही पाहिल्यात. त्यात दगड एकावर एक थोडे थोडे पुढे सरकवत नेलेत. इथे पाचरीसारखे घडवलेले दगड एकमेकांना दाबून उभे आहेत. भारतातली पहिली खरी कमान म्हणून हिचंच नाव घेतात. दोन्हींमध्ये साधारण नव्वद वर्षांचं अंतर आहे, आणि ते पायी दहा-पंधरा मिनिटांत ओलांडता येतं.

जवळच जमाली-कमालीची मशीद आहे. कबरीच्या खोलीला बहुधा कुलूप असतं. पहारेकऱ्याला नम्रपणे विचारून बघा. उघडलीच तर मान वर करा, छतावर लाल-निळं नक्षीकाम आहे.

मग राजों की बावली. नाव ऐकून राजेरजवाडे आठवतात, पण इथे राज म्हणजे गवंडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गवंड्यांची बिऱ्हाडं इथे होती, त्यावरून हे नाव पडलं. बांधकाम १५०६ सालचं, सिकंदर लोदीच्या काळातलं. आपल्याकडची बारव पाहिलेल्या माणसाला इथे लगेच ओळखीचं वाटतं. मी गेलो की पायऱ्यांवर अर्धा तास तरी बसतोच.

दुपारी गावात या आणि सूफी संत कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्याची वाट विचारा. डोक्याला रुमाल असू द्या. गुलाबांच्या टोपल्या मांडलेल्या अरुंद गल्ल्यांमधून दर्ग्याला लागूनच जफर महाल येतो, मोगलांचा शेवटचा महाल. भिंती ढासळल्यात, आजूबाजूची घरं अंगावर आल्यासारखी चिकटलीत.

मराठी माणसाने इथे यावंच, असं मला मनापासून वाटतं. बाजूच्या मोती मशिदीजवळ संगमरवरी जाळीच्या आत काही कबरी आहेत. त्यातली एक शाहआलम दुसऱ्याची. १७७२ मध्ये मराठ्यांच्या बळावर दिल्लीला परतलेला बादशहा तो हाच. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले, आणि महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली घेऊन त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं. शाळेत हे सगळं आपण दोन ओळींत उरकतो. इथे त्या माणसाच्या कबरीपाशी उभं राहिलं की पाटीलबावांची, म्हणजे महादजींची, दिल्ली पहिल्यांदा खरी वाटते. माझ्या वडिलांना मी तिथे घेऊन गेलो होतो. ते बराच वेळ जाळीला हात लावून गप्प उभे होते.

त्याच जाळीच्या आत एका कबरीपुरती जागा मोकळी दिसेल. ती बहादूरशाह जफरने स्वतःसाठी राखली होती. इंग्रजांनी त्याला रंगूनला धाडलं आणि १८६२ मध्ये तो तिथेच वारला.

पिवळ्या लाईनवरच्या कुतुबमिनार स्टेशनवर उतरा, तिथून रिक्षा मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असेल तर दिवसभर चालता येतं. उन्हाळा असेल तर उद्यान सकाळी दहाच्या आत आटपा, पाण्याची बाटली जवळ ठेवा. आणि जफर महाल दिवसाउजेडीच गाठा, अंधार पडल्यावर आत जाता येत नाही.