पर्समध्ये मावणारे पिस्तूल: एल-१ व्हिसावर टेक्सासला येणाऱ्या एका कुटुंबास उत्तर

सप्रेम नमस्कार,

कंपनीच्या बदलीवर एल-१ व्हिसा घेऊन आपण जूनमध्ये डॅलसला येत आहात, सोबत पत्नी आणि सात वर्षांची मुलगी आहे, आणि तिथल्या एका सहकाऱ्याच्या सल्ल्यावरून पत्नीच्या पर्समध्ये मावेल असे लहान पिस्तूल कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे. मी मूळची सांगलीची. डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरात मला चौदा वर्षे झाली, आणि ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर मी स्वतः पिस्तूल घेतले आहे. तेव्हा अनुभवाचे चार शब्द सांगते, पण कोणते घ्यावे याच्या आधी घेता येते का, हे पाहावे लागेल.

तर, सध्या घेता येत नाही. एल-१, एल-२, एच-१बी, एच-४, एफ-१ हे सगळे तात्पुरत्या वास्तव्याचे व्हिसा आहेत, आणि अशा व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा एखादे काडतूससुद्धा बाळगण्यास अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगता येते, हे आपल्या सहकाऱ्याने सांगितले ते खरेच आहे. मात्र ही मुभा ज्यांना मुळात मनाई नाही त्यांच्यासाठीच आहे, आणि आपण उभयता मनाई असलेल्यांत मोडता. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षांची झाली आहे, शिवाय शस्त्रासंबंधी गुन्हा सिद्ध झाल्यास देशाबाहेर काढले जाण्याची टांगती तलवार असते ती वेगळीच.

‘बाळगणे’ या शब्दाची व्याप्तीही मोठी आहे. पिस्तूल आपल्या मालकीचे नसले तरी ते हातात घेणे हे बाळगणेच ठरते, त्यामुळे शनिवारी सहकाऱ्यांबरोबर रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) जाऊन भाड्याच्या पिस्तुलाने दहा गोळ्या झाडणे आणि वर त्याचे फोटो सर्वांना पाठवणे म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच तयार करणे होय. अमेरिकेतील एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना जवळ असेल तर या मनाईला अपवाद मिळतो. काही जण केवळ त्यासाठीच तो परवाना काढतात. ही वाट कायदेशीर आहे, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय मी तरी तिने गेले नसते, कारण एका पिस्तुलासाठी सगळ्या घराचा व्हिसा पणाला लावण्यात शहाणपण नाही.

सहकाऱ्याने ‘मी माझ्या नावावर घेऊन देतो’ असे म्हटले, तर तेही आभार मानून नाकारावे. दुकानात ४४७३ क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म भरावा लागतो. पिस्तूल आपण स्वतःसाठीच घेत आहात काय, आणि आपण तात्पुरत्या व्हिसावर आलेले परदेशी नागरिक आहात काय, हे दोन्ही प्रश्न त्यात स्पष्ट विचारलेले असतात. त्यांची खोटी उत्तरे देणे हाच मुळात गुन्हा आहे, आणि मनाई असलेल्या व्यक्तीला जाणूनबुजून शस्त्र देणारा सहकारीही आपल्याबरोबर अडकतो.

आता आपला मूळ प्रश्न, म्हणजे ग्रीन कार्ड हाती पडल्यानंतरचा. लहान पिस्तूल म्हणजे नवख्याला सोपे पिस्तूल, हा समज घरोघरी आहे आणि तो साफ चुकीचा आहे. मी पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या गृहस्थांनी, मी बाई आहे एवढे पाहून, काही न विचारता आखूड नळीचे पाच गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर पुढे सरकवले. स्मिथ अँड वेसनचे ६४२ हे त्या जातीचे प्रसिद्ध मॉडेल. वजन जेमतेम ४१० ग्रॅम, बाहेर घोडा नाही, त्यामुळे कपड्यात अडकण्याची भीती नाही. हातात ते खेळण्यासारखे वाटले. मग तसेच एक रेंजवर भाड्याने घेऊन सात यार्डांवरून पाच गोळ्या झाडल्या, तेव्हा कागदावर दोनच भोके पडली आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधली चामडी संध्याकाळपर्यंत ठणकत राहिली. कारण साधे आहे: काडतूस तेच, पण पिस्तूल हलके, म्हणजे धक्का जास्त, मूठ आखूड, म्हणजे करंगळीला जागा नाही, नळी आखूड, म्हणजे नेम धरताना झालेली रेसभर चूक कागदावर वीतभर होते, आणि त्या रिव्हॉल्व्हरचा चाप इतका जड की तो ओढता ओढता नवख्याचा हात हलतोच. रूगर एलसीपीसारखी सुमारे २७० ग्रॅमची खिशातली पिस्तुलेही याच माळेतली, सरावलेल्या हातासाठी.

त्याच दिवशी रेंजवरच्या शिक्षिकेने ग्लॉक १९ हे मोठे पिस्तूल हातात दिले. रिकामे असताना सुमारे ६७० ग्रॅम, १५ गोळ्यांचे मॅगझीन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी), काडतूस ९ मिमी मापाचे. ते पाहूनच मी बिचकले होते, पण गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या.

पत्नीच्या बाबतीत दुसरी अडचण येईल ती स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढण्याची. वर्षानुवर्षे कीबोर्ड बडवून माझा अंगठा दुखतो, आणि बेचकीचे रबर ओढावे तशी दोन बोटांच्या चिमटीत स्लाइड धरली तर ती हलतच नव्हती. सगळा तळवा वरून घट्ट बसवायचा, तो हात जागेवर ठेवायचा आणि पिस्तूल धरलेला हात पुढे ढकलायचा, ही युक्ती समजली तेव्हा निम्मे काम झाले. उरलेल्या निम्म्यासाठी मी स्मिथ अँड वेसनचे शील्ड ईझेड घेतले. त्याची स्लाइड मुद्दाम हलकी केलेली आहे. ते २०१८ मध्ये .३८० (हे माप इंचातले) काडतुसात आणि २०२० मध्ये ९ मिमीमध्ये आले. यापेक्षा लहान हवेच असेल तर सिग सावरचे पी३६५ पाहावे. सुमारे ५०० ग्रॅम, मुळात १० गोळ्यांचे, लपायला सोपे आणि तरी हातात धरण्याजोगे. पण पहिले दोन-तीन महिने .२२ च्या पिस्तुलावर शिकावे. त्याचा धक्का नगण्य असतो आणि गोळ्या स्वस्त, त्यामुळे डोळे मिटण्याची खोड लागत नाही.

भारतात आजोबांचे परवान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर पाहिलेली माणसे इथेही .३२ च मागतात. आपल्याकडे ९ मिमी सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे म्हणून .३२ रूढ झाले. इथे स्वसंरक्षणाच्या पिस्तुलांसाठी ९ मिमी हेच स्वस्त आणि सहज मिळणारे काडतूस आहे.

पर्सविषयी मात्र माझे मत ठाम आहे: पर्समध्ये पिस्तूल ठेवू नये. पर्स हिसकावली जाते, खुर्चीला अडकवून राहते, हळदीकुंकवाला गेल्यावर सोफ्यावर इतर दहा पर्सांच्या ढिगात पडते, आणि चॉकलेट शोधणारा मुलीचा हात आधी तिथेच जातो. १७ वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेले शस्त्र लागेल असे ठेवणे हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे. पिस्तूल अंगावरच असावे, चाप पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात), जाड पट्ट्यावर. आणि अंगावर नसेल तेव्हा कुलपात. कुर्ता-लेगिंगला पट्टा नसतो, साडीचा तर प्रश्नच नाही, म्हणून सणावाराला माझे पिस्तूल घरच्या तिजोरीतच राहते.

ते योग्यही आहे, कारण आपला गणेशोत्सव आणि मुलांची मराठी शाळा बहुधा भाड्याच्या शाळेच्या इमारतीत भरते, आणि शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणे हा परवाना असला तरी गंभीर गुन्हा आहे. दुकाने आणि मंदिरे यांच्या दारावर टेक्सासच्या कायद्यातील ३०.०६ (लपवलेले पिस्तूल) किंवा ३०.०७ (उघड दिसणारे पिस्तूल) कलमाची पाटी असेल तर तिथेही परवानाधारकाने त्या प्रकारे पिस्तूल नेऊ नये. परवाना आता सक्तीचा नसला तरी मी तो काढला; त्यासाठी ३, ७ आणि १५ यार्डांवरून एकूण ५० गोळ्या झाडून किमान ७० टक्के गुण मिळवावे लागतात. पंधरा यार्डांवरून खिशातल्या पिस्तुलाने नेम धरून पाहिला की लहान पिस्तूल सोपे नसते हा मुद्दा आपोआप पटतो.

तोवर पत्नीला मिरचीचा स्प्रे (पेपर स्प्रे) देता येईल. स्वसंरक्षणासाठीचा लहान डबा टेक्सासमध्ये चालतो, फक्त तो विमानाच्या केबिन बॅगेत नेऊ नये.

पुढेमागे पिस्तूल घेतलेच, तर आणखी एक काळजी घ्यावी. रेंजवर नेलेली बॅग भारतात येताना कधीही वापरू नये. तिच्या अस्तरात विसरलेले एक जिवंत काडतूस आपल्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसले, तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो, आणि ते नकळत राहिले हे न्यायालयात सांगण्यासाठी सुट्टी पुरत नाही. माझी रेंजची पिशवी गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते. घरातल्या बॅगांमध्ये ती कधी येत नाही.