वाचकांचे प्रश्न : पेर्पेतुआ म्हणजे अमर नव्हे, अखंड

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या आईचं नाव पेर्पेतुआ. पुढच्या महिन्यात आमच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे आणि तेच नाव ठेवावं असं घरात चाललंय. कुणी अर्थ सांगतं 'अमर', कुणी 'कायमची'. खरा अर्थ काय, नाव आलं कुठून आणि कागदोपत्री लिहायचं कसं? (एक वाचक, वसई)

उत्तर : दोन्ही अर्थ नावाच्या जवळून जातात, पण नेमके नाहीत. लॅटिनमधलं 'पेर्पेतुउस' हे विशेषण (स्त्रीलिंगी रूप 'पेर्पेतुआ') मुळात काळाबद्दल नव्हतंच. मध्ये खंड न पडता या टोकापासून त्या टोकापर्यंत जे जातं, ते पेर्पेतुउस. मध्ये कुणाला बोलू न देता केलेलं सलग भाषण म्हणजे 'ओरातिओ पेर्पेतुआ'. कवी ओविद आपल्या महाकाव्याच्या सुरुवातीला देवांकडे 'कार्मेन पेर्पेतुउम' मागतो, म्हणजे जगाच्या उत्पत्तीपासून त्याच्या स्वतःच्या काळापर्यंत न तुटणारं गाणं. जे तुटत नाही ते टिकतं, म्हणून 'कायमचं' हा अर्थ त्याच शब्दाला चिकटला.

शब्दाची फोडही तेच सांगते. 'पेर' म्हणजे आरपार, आणि 'पेतेरे' म्हणजे एखाद्या दिशेने झेपावणं. हे 'पेत' आणि संस्कृतातला 'पत्' धातू एकाच मुळाचे. आपला पतंग त्यातलाच, आणि 'पंख' या जुन्या अर्थाचं पत्रही. एकदा झेप घेतली की मध्ये न उतरता पार जाणारी, असं चित्र या नावात आहे.

म्हणून मराठीत एकाच शब्दात सांगायचं तर 'अखंड'. लग्नपत्रिकेतल्या 'अखंड सौभाग्यवती'मधला अखंड तोच. गंमत म्हणजे हा जोड लॅटिनमध्येही जुना आहे. पेर्पेतुआ आणि फेलिसितास या दोन स्त्रिया कार्थेजमध्ये (आजचं ट्युनिशिया) इ.स. 203 च्या 7 मार्चला एकत्र हुतात्मा झाल्या. 'फेलिसितास' म्हणजे सौख्य, सुदैव. दोघींची नावं शेजारी ठेवली की 'पेर्पेतुआ फेलिसितास', अखंड सौभाग्य! संत ऑगस्टीन यांनी दोनेकशे वर्षांनी या दोघींच्या सणाच्या प्रवचनांत या श्लेषावर भर दिला आहे. फक्त आपल्याकडे सौभाग्य नवऱ्याशी बांधलेलं असतं, आणि पेर्पेतुआच्या तुरुंगातल्या कथनात नवऱ्याचा उल्लेखसुद्धा नाही. वडील आहेत, आई आहे, भाऊ आहेत, अंगावर पिणारा मुलगा आहे. नवरा कुठेच नाही.

तिचं रोमन पद्धतीचं पूर्ण नाव विबिया पेर्पेतुआ. रोममध्ये मुलीला वडिलांच्या कुळनावाचं स्त्रीलिंगी रूप मिळे. कुळ विबियुस, म्हणून ती विबिया. एका घरातल्या दोन बहिणीही विबियाच असू शकत, म्हणून ओळखायला पुढे आणखी एक नाव लागे. पेर्पेतुआ हे ते पुढचं नाव. ते तिच्या हौतात्म्यानंतर दिलेली पदवी नाही, परंपरेने चालत आलेलं ख्रिस्ती नावही नाही. रोमन समाजात आधीपासून असलेलं साधं विशेषण-नाव तिच्यामुळे ख्रिस्ती झालं, एवढंच. ती तेव्हा साधारण 22 वर्षांची होती, शिकलेली होती, आणि तुरुंगातला मजकूर तिने स्वतः लिहिला असं तो संकलित करणारा सांगतो.

त्यात नावाशी थेट संबंध असलेला एक प्रसंग आहे. वडील तिला धर्म सोडण्याची गळ घालतात. ती समोरच्या भांड्याकडे बोट दाखवून विचारते, याला भांड्याशिवाय दुसरं काही म्हणता येईल का? नाही, असं वडील म्हणतात. मग मीही जी आहे तिला दुसरं नाव देऊ शकत नाही, ख्रिस्ती आहे, असं ती सांगते. बाप्तिस्म्याच्या दिवशी मुलीच्या नावाबद्दल दोन वाक्यं बोलायची असतील तर हा प्रसंग सांगावा. सिंहासनं आणि मुकुट यांच्या गोष्टींपेक्षा तो या नावाच्या अधिक जवळचा आहे.

आता लिहिण्याचं. लॅटिनमध्ये अवयव (उच्चाराचे तुकडे) चार : पेर-पे-तु-आ, आणि आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, दुसऱ्या अवयवावर. पोर्तुगीजमध्येही आघात तिथेच, म्हणून त्या भाषेत दुसऱ्या 'ई'वर तिरकी खूण देतात. 'त' दंत्य आहे, त्यामुळे देवनागरीत पेर्पेतुआ हे रूप सर्वांत जवळचं. 'पर्पेटुआ' हे रोमन अक्षरं पाहून केलेलं वाचन, तर 'पर्पेच्युआ' इंग्रजी उच्चारावरून आलेलं. त्यात चूक असं काही नाही, पण तिन्ही रूपं एकाच मुलीच्या कागदांत आली की पंचाईत होते. चर्चच्या नोंदवहीत एक, जन्मदाखल्यात दुसरं, शाळेत तिसरं, आणि मग पुढे प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राची वाट धरावी लागते. यासाठी क्रम असा ठेवा : आधी रोमन आणि देवनागरी दोन्ही रूपं एका कागदावर लिहून घरात पक्की करा. रोमनमध्ये पी-ई-आर-पी-ई-टी-यू-ए, खुणेशिवाय, कारण पासपोर्टच्या यंत्राने वाचायच्या ओळीत खुणा चालत नाहीत. तोच कागद फादरांना आणि जन्मनोंदणीच्या कार्यालयात द्या. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. नाव ठरलं नसेल तर नोंद नावाशिवाय होते आणि नाव 12 महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. त्यामुळे नाव पक्कं होईपर्यंत नोंद रोखून धरू नका.

घरात हाक मारायला आघाताचा अवयव धरावा, 'पेतू' सहज बसतं. 'पर्पी' मात्र टाळा, शाळेत पहिल्याच आठवड्यात त्याचं काय होईल ते सांगायला नको.

प्रश्न : आमच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात संत पेर्पेतुआचा सण 6 मार्चला आहे, नव्या कॅलेंडरमध्ये 7 मार्चला. नाव-दिवस (ज्या संताचं नाव, त्याच्या सणाचा दिवस) कोणता मानायचा? (एक वाचक, पणजी)

उत्तर : 7 मार्च. हौतात्म्याचा दिवसही तोच. मधल्या काळात 7 मार्चला संत थॉमस अक्वायनस यांचा सण असे आणि या दोघींचा फक्त उल्लेख होई. 1908 साली त्यांना स्वतंत्र दिवस देण्यासाठी 6 मार्चला आणलं. 1969 च्या सुधारणेत अक्वायनस 28 जानेवारीला गेले आणि या दोघी आपल्या जागी परतल्या. तुमचं पुस्तक या दोन सालांच्या मधलं असणार.

प्रश्न : माहीमच्या बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेतलं 'पर्पेच्युअल सकर' आणि हे नाव एकच का? नवस फेडायला मुलीचं नाव पेर्पेतुआ ठेवलं तर चालेल? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : शब्द एक, व्यक्ती दोन. माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये 1948 पासून चालणारी नोव्हेना मरियामातेची, 'निरंतर साहाय्याची माता' या रूपाची. तिथे 'निरंतर' हे मातेचं नव्हे, साहाय्याचं विशेषण आहे. पोर्तुगीजमध्ये 'पेर्पेतुओ सोकोर्रो' म्हणतात, आणि 'सोकोर्रो' पुल्लिंगी असल्यामुळे विशेषणही पुल्लिंगी होतं. त्या भक्तीतून येणारं नाव सोकोर्रो. बार्देशातल्या सोकोर्रो गावाच्या नावातही तेच साहाय्य आहे. पेर्पेतुआ ठेवायला मनाई नाही, फक्त मुलीची संरक्षक संत मग कार्थेजची ठरेल आणि सण 27 जूनचा नव्हे, 7 मार्चचा. नवस मरियेचा असेल तर 'मारिया पेर्पेतुआ' हे जोडनाव दोन्हीकडचं राखतं.

प्रश्न : मी इथे नोकरीला आहे. मुलीसाठी पेर्पेतुआ नाव सुचवलं तर इटालियन सहकारी हसले. का? (एक वाचक, मिलान, इटली)

उत्तर : तुमच्याच शहरातल्या लेखकामुळे. आलेस्सांद्रो मान्झोनी यांच्या 1827 साली आलेल्या कादंबरीत 'डॉन आब्बोंदिओ' नावाच्या भित्र्या पाद्र्याची घरकाम पाहणारी बाई आहे, तिचं नाव पेर्पेतुआ. फटकळ, बोलघेवडी, पण मालकापेक्षा शहाणी. कादंबरी इटलीतल्या शाळांत शिकवली जाते आणि 'पेर्पेतुआ' हा शब्द 'पाद्र्याची घरकामवाली' या अर्थाने शब्दकोशात गेला आहे. इटलीत वाढणार असेल तर हे नाव मुलीला जड जाईल. तिथे फेलिचिता किंवा विबिया बघा. ब्राझील, पोर्तुगाल किंवा भारतात ही अडचण नाही. पोर्तुगीजमध्ये तर 'पेर्पेतुआ' म्हटलं की बटणासारखी गोल, जांभळी फुलं आठवतात, वाळली तरी रंग न सोडणारी.