ज्वारीतले नाकतोडे म्हणजे टोळधाड का?

भाऊ, पारोळ्याकडच्या तुमच्या ज्वारीत हिरवे नाकतोडे फार झालेत, ही टोळधाडीची सुरुवात आहे का आणि फवारणी करू का, असं तुम्ही विचारलंय. टोळधाडीची धास्ती सोडा. पण नाकतोड्यांचा बंदोबस्त करावाच लागेल, आणि तो ज्वारीत नाही, बांधावर.

२०२० च्या मे महिन्यात मध्य प्रदेशातून अमरावतीत मोर्शी-वरुडकडे उतरला, तो वाळवंटी टोळ. कूळ नाकतोड्याचंच. एकेकटा असला की भिडस्त, दुसऱ्यापासून लांब राहतो. पाऊसपाणी होऊन पैदास वाढली आणि मग हिरवळ आटली की सगळे उरल्यासुरल्या झुडपांवर दाटी करतात. मागच्या पायांना सारखा स्पर्श होत राहिला की काही तासांतच तो कळपाला धरून राहू लागतो. मग थवा दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर वाऱ्यासोबत जातो. तुमच्या ज्वारीतला नाकतोडा असा मुलूख सोडून जात नाही. त्याचा जन्मही इथलाच, मरणही इथलंच.

आमचं शेत अमळनेर तालुक्यात आहे. उन्हाळ्यात मी खुरपं घेऊन बांध उकरून बघतो. तीन-चार बोटं खोल शेंगदाण्याएवढी मातीची गोळी लागते. फोडली की आत वाळका फेस आणि त्यात तांदळाच्या दाण्यांसारखी पिवळसर अंडी एकमेकांना चिकटून बसलेली. सप्टेंबर-ऑक्टोबरात मादी पोटाचं टोक ताणून मातीत घुसवते, अंडी सोडते, वरून फेस भरते. फेस सुकून कवच होतं, म्हणून आपल्याकडचं मे महिन्याचं ऊनसुद्धा ती अंडी काढतात. मृगाचा पाऊस मुरला की पिलं बाहेर. कोष वगैरे काही नाही, पाच-सहा वेळा कात टाकत पिलू मोठं होतं आणि शेवटच्या कातीनंतर पूर्ण पंख येतात. तोवर ते बांधावरच्या गवतात असतं, मग कडेच्या ओळींतून आत शिरतं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही भर सप्टेंबरात फवारलं. पंखवाले उडून शेजारच्या मक्यात गेले, आठवड्याने परत आले. औषधाचे पैसे गेले आणि अंडी बांधात पडायची ती पडलीच.

म्हणून आधी पंख बघा. बिनपंखी पिलं जास्त असतील तर कृषी सहायकाला विचारून बांध आणि कडेच्या चार-पाच ओळी फवारा, अख्खं शेत नको. पंखवालेच असतील तर भल्या पहाटे दव असताना जा, गारठलेले असतात, जाळीने गोळा होतात. ज्वारी निघाली की खोल नांगरट करा आणि एप्रिल-मेमध्ये बांधाची वरची माती कुदळीने उकरून उलटी टाका. अंडी उघड्यावर आली की उन्हाने मरतात, उरलेली साळुंक्या वेचतात. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्यालाही सोबत घ्या, नाहीतर त्याच्या बाजूची अंडी जूनमध्ये तुमच्याच ज्वारीत उतरतील.