त्यांनी आधीच सांगितलं, हे विसरू नकोस

ताई, मी ३६ वर्षांची, घटस्फोटित. सोलापुरात टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघते. मुलगी सात वर्षांची. वर्षभरापासून एका गृहस्थांशी जुळलंय, लग्नाचा विचार आहे. यंदा गड्ड्याच्या जत्रेवरून परतताना त्यांनी सांगितलं, "मला खाली हर्पीस आहे. वर्षातून एक-दोनदा फोड येतात." आमचा अजून शरीरसंबंध आलेला नाही. मैत्रीण म्हणते, ही नागीण. विळखा पूर्ण झाला की माणूस जातो. मला ते हवेत, पण भीती वाटते. मुलीला काही होईल का? धोका किती, खरं सांगा.
– एक वाचक, सोलापूर

बाई गं, आधी ती नागीण मनातून काढ. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. हर्पीसचा विषाणू त्याच्याच घराण्यातला, पण वेगळा. डॉक्टर दोन्हींना हर्पीसच म्हणतात, म्हणून हा घोळ होतो. आणि विळख्यानं माणूस जातो, हे नागिणीच्या बाबतीतही खोटं आहे.

मुलीची काळजी समजते. पण टॉवेल, ताट, संडास यांतून हा पसरत नाही. त्वचा त्वचेला घासली जाते तेव्हा लागतो. फोडाला हात लागला तर हात धुवायचे, आणि ओठावर फोड असताना लेकराचा पापा कुणीच घ्यायचा नाही, एवढं पुरे.

आता तुझा प्रश्न. धोका शून्य नाही. फोड नसतानाही विषाणू अधूनमधून त्वचेवर येतो, आणि बहुतेकांना लागण होते ती अशाच दिवसांत. पुरुषाकडून बाईला तो जास्त सहज लागतो, हेही खरं. पण आकडे बघ. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १,४८४ जोडपी होती, दोघांपैकी एकालाच टाईप २ हर्पीस असलेली. (याचे दोन प्रकार: टाईप १ बहुधा ओठावर, टाईप २ बहुधा खाली.) आठ महिन्यांत, औषध न घेणाऱ्यांच्या जोडीदारांपैकी १०० मागे ३.६ जणांना लागण झाली. रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध घेणाऱ्यांच्या जोडीदारांत हेच प्रमाण १.९ होतं. कंडोम सगळी त्वचा झाकत नाही, तरी पुरुषाकडून बाईला होणारी लागण तो बरीच रोखतो. मुंग्या, जळजळ, ठणका सुरू झाल्यापासून कातडी पूर्ण भरेपर्यंत कुठल्याच प्रकारचा संबंध नको. त्यांचं औषध, कंडोम आणि हा खंड, हे तिन्ही एकत्र पाळलंत तर धोका बराच खाली येतो. पुढची सगळी वर्षं धरली तर तो साचत जातो, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

यात माझ्या मते सगळ्यात मोठं काय, तर त्यांनी आधी सांगितलं. जगात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांना टाईप २ आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकच नाही. ज्याला ठाऊक नाही, तो काळजी तरी कसली घेणार? तुला निदान ठरवायला जागा मिळाली.

ठरवण्याआधी दोन गोष्टी कर. त्यांना विचार, तपासणीत टाईप १ निघाला की टाईप २? खाली झालेला टाईप १ फार कमी वेळा उलटतो. आणि तुझीही तपासणी करून घे. रक्ताची, टाईपनुसार आयजीजी, म्हणजे त्या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडीची. आयजीएमवर पैसे घालवू नकोस, त्यावरून काही कळत नाही. टाईप २ तुला आधीच असेल, तर ही सगळी मांडणीच बदलते. दोघांनी एचआयव्हीचीही करा, कारण टाईप २ असलेल्याला एचआयव्ही लागण्याचा धोका वाढतो.

खाजगीत जायला संकोच वाटत असेल तर सिव्हिलमध्ये त्वचा व गुप्तरोग विभागात जा. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये या आजारांचं समुपदेशन आणि औषध फुकट मिळतं. कुणी ओळखीचं दिसलं तर दिसू दे. त्वचेच्या ओपीडीला खरूज-गजकर्णवालेही येतात.

हे सगळं कळूनही मन तयार होत नसेल तर 'नाही' म्हण. ते चांगले आहेत म्हणून 'हो' म्हणायचं कर्ज तुझ्यावर नाही. आणि 'हो' म्हणालीस, पुढं मूल हवं असलं, तर दिवस राहताच डॉक्टरांना सगळं सांग. बाळाला सगळ्यात मोठा धोका असतो तो आईला शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच लागण झाली तर. तोवर तुला लागण झालेली नसेल, तर ते तीन महिने संबंध पूर्ण बंद ठेवा. ही गोष्ट लग्नाआधीच त्यांच्याशी बोलून घे.