मॉन्ट्रियलला येताय आणि डब्ल्यूआरएक्स घ्यायचीय म्हणता, तर

तुमचा प्रश्न वाचला. कोल्हापूरहून जानेवारीत कंपनीच्या कामाने मॉन्ट्रियलला येताय, वर्क परमिटवर, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी बरोबर. कॉलेजपासूनची हौस म्हणून सुबारू डब्ल्यूआरएक्स ही टर्बो इंजिनाची वेगवान गाडी घ्यायची आहे, आणि ती ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी, असल्यामुळे विंटर टायरचा खर्च वाचेल का, असं विचारलंय. शेवटी एका ओळीत, ‘बाकी तिथे करमतं का?’

लायसन्स, परीक्षा, फी वगैरे सरकारी साइटवर नीट दिलंय, ते मी उगाळत नाही. मी सांगलीचा. इथे बरीच वर्षं झाली, आणि दारात गाडी तीच आहे, जुनं मॉडेल. म्हणून राहवलं नाही.

गाडी घ्या. खर्च मात्र वाचणार नाही.

चारही चाकांना ताकद मिळते त्याचा फायदा निघताना. सिग्नल सुटला की शेजारचा जागच्या जागी चाकं फिरवत बसतो आणि आपण चौक ओलांडून पुढे. घात तिथेच आहे. गाडी इतकी सहज निघते की रस्ता बरा आहे असं वाटायला लागतं. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबताना तुमच्या २७१ हॉर्सपॉवरचा काडीचा उपयोग नाही. साधा बारावीचा हिशेब आहे. ताशी ५० किलोमीटरवरून कोरड्या डांबरावर, ब्रेक लागल्यापासून, गाडी १२ ते १५ मीटरमध्ये उभी राहते. दाबल्या गेलेल्या स्नोवर ३५-४० मीटर धरा. गुळगुळीत आईसवर घर्षणाचा गुणांक ०.१ पर्यंत उतरला की हाच आकडा शंभर मीटरच्या घरात जातो. वेग दुप्पट केलात तर अंतर चौपट. यात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेलाच नाही.

त्यामुळे या देशात गाडीपेक्षा टायर महत्त्वाचे. डब्ल्यूआरएक्स नवी येते ती उन्हाळी परफॉर्मन्स टायरवर. तापमान सात अंशांच्या खाली गेलं की ते रबर कडक व्हायला लागतं, आणि कडाक्याच्या थंडीत गाडी हलवली तर त्याला चिरा पडू शकतात. क्यूबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियलच्या प्रांतात, १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात, आणि टायरवर डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह हवं, नुसतं एम प्लस एस (चिखल आणि स्नोसाठीचं जुनं चिन्ह) चालत नाही. टोरांटोचा तुमचा मित्र म्हणेल, ‘आम्ही तर ऑल-सीझनवरच चालवतो.’ त्याच्या ओंटारिओ प्रांतात सक्ती नाही, म्हणून. त्याचं ऐकू नका.

आणि चारही टायर एकाच मापाचे, एकाच मेकचे, सारखे झिजलेले घ्या. हे दुकानदार सांगेलच असं नाही. मॅन्युअल डब्ल्यूआरएक्समध्ये पुढच्या-मागच्या चाकांच्या मधल्या डिफरन्शियलला (पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) व्हिस्कस कपलिंग, म्हणजे दाट तेलातून ताकद देणारा जोड, असतं. दोन टायर नवे आणि दोन अर्धे झिजलेले असले तर त्यांचा घेर वेगळा, म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा ते कपलिंग सतत घासत, तापत राहतं. ‘या वर्षी पुढचे दोन घेतो, पुढच्या वर्षी मागचे’ ही आपली काटकसर इथे गिअरबॉक्सच्या बिलात वसूल होते. रिमसकट जास्तीचा सेट घ्या, १७ इंची, मूळ मापापेक्षा थोडा अरुंद चालेल. हजार डॉलरच्या वर सहज जातात, पण दर मोसमाला टायर रिमवरून काढा-चढवायचा त्रास वाचतो. थंडीत हवाही कमी होते, दर पाच-सहा अंशाला साधारण एक पीएसआय. गॅरेजच्या उबेत भरलेली हवा सकाळी रस्त्यावर कमी निघते.

आता चालवण्याचं. नवखा माणूस उणे पंचवीसला घाबरतो. मला भीती वाटते शून्याची. कडाक्यात आईस कोरडा असतो, थोडी तरी पकड देतो. शून्याच्या आसपास त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तो सगळ्यात निसरडा. त्यात इथे पाऊस रस्त्याला टेकताच गोठतो. याला इथले लोक व्हेरग्ला म्हणतात. जानेवारी १९९८ मध्ये त्याने विजेचे मनोरे कोसळले होते आणि लाखो घरं अंधारात गेली होती, म्हातारी माणसं अजून त्याच्याबद्दल बोलतात. त्या दिवशी गाडी काढायचीच नाही, मग ती कुठलीही असो. पूल आणि उन्नत रस्ते खालून-वरून गार होतात म्हणून आधी गोठतात. महामार्ग ४० चा मेट्रोपोलिटन भाग बराचसा खांबांवर आहे, तिथे रस्ता नुसता ओला दिसला तरी वेग कमी करा. मीठही साधारण उणे पंधराच्या खाली फारसं काम करत नाही, मग खडी टाकतात आणि ती तुमच्या काचेवर येते.

वळणावर ही गाडी आधी नाकाने बाहेर जाते. स्टिअरिंग वळवलंय पण गाडी सरळच चालली आहे, असं झालं की हात आणखी वळवायचा मोह होतो. वळवू नका. ॲक्सिलरेटर हळू सोडा, वजन पुढच्या चाकांवर येऊ द्या, पकड आली की गाडी आपोआप आत येते. शेपूट सुटलं तर जिथे जायचंय तिकडे बघा, खांबाकडे नाही, आणि हलका ॲक्सिलरेटर द्या, चारही चाकं तिला ओढून सरळ करतात. पण त्यासाठी जागा लागते, आणि जागा शहरात नसते. एबीएसमुळे (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) पेडल थरथरलं तर ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. हे वाचून येत नाही. रिकाम्या पार्किंगमध्ये शिकायला गेलात तर पोलीस येतात, म्हणून उत्तरेला नोत्र-दाम-द-ला-मर्सी गावाजवळ मेकाग्लिस नावाचा ट्रॅक आहे, तिथे बर्फावर चालवायचे वर्ग होतात. पैसे जातात, पण बंपर लावायला जाणाऱ्या पैशांपेक्षा कमीच.

आणखी एक. गाडीचं पोट खाली आहे. रात्रीतून तीस सेंटिमीटर स्नो पडला की चारही चाकं असून गाडी स्नोवर पोट टेकून बसते, मग फावडंच. बॉनेटवरच्या फटीतून इंटरकूलरला (टर्बोची तापलेली हवा गार करणारा भाग) हवा जाते, ती फट हाताने साफ करा. आणि महापालिका रस्त्यावरचा स्नो उचलते त्या दिवशी ‘इथे गाडी लावू नका’ अशा नारिंगी पाट्या लागतात, ओढून न्यायच्या गाड्या भोंगा वाजवत फिरतात. तो भोंगा ऐकून चपला घालेपर्यंत वेळ नसतो. गाडी दोन गल्ल्या पलीकडे सापडते, वर दंड.

कागदपत्रांचं सांगतो, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. इन्शुरन्सवाल्यांना भारतातला गाडी चालवायचा अनुभव सिद्ध करून हवा असतो, नाहीतर तुम्ही नवशिके, आणि नवशिका अधिक टर्बो म्हणजे प्रीमियम विचारू नका. माझ्या लायसन्सवर नूतनीकरणाची तारीख ठळक, मूळ तारीख बारीक. म्हणून गावाकडच्या कचेरीतून पत्र आणवलं. भावाने खेटे घातले. पत्र आलं, शिक्का नेमका तारखेवर. मराठी आकडा ३ की ८ यावरून अनुवादक अडला, इन्शुरन्सवाली म्हणाली नवीन पत्र आणा. नवीन पत्रावर माझ्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं. शेवटी मी सांगलीच्या घाटरस्त्यांवर काढलेली सगळी वर्षं शून्य धरून पैसे भरले. तुम्ही निघायच्या आधी इंग्रजीत, पासपोर्टच्या स्पेलिंगने, मूळ तारखेसकट पत्र हातात घ्या. जुन्या विमा कंपनीकडून क्लेम नसल्याचंही. निघाल्यावर काही होत नाही.

मुलीचं तुम्ही विचारलंच नाहीत. तरी सांगतो. १९७७ च्या भाषा कायद्यामुळे इथे कायमचं राहायला आलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळा फ्रेंच. तुम्ही परमिटवर आहात, तुम्हाला इंग्रजी शाळेची सवलत मिळू शकते, पण २०२२ च्या कायद्याने ती तीन वर्षांवर आणली. सगळे ती घेतात. मी म्हणेन नका घेऊ. तीन वर्षांनी ती बारा वर्षांची असेल, मैत्रिणी झालेल्या असतील, आणि तेव्हा तिला फ्रेंच हायस्कुलात ढकलावं लागेल. आत्ता नवव्या वर्षी स्वागतवर्गात (नव्याने आलेल्या मुलांना आधी फ्रेंच शिकवतात तो वर्ग) बसवा, वर्षभर रडेल, मग बोलायला लागेल.

आमचा मुलगा इंग्लिश मीडियममधून आला होता, वर्गात पहिल्या पाचात. इथे त्याला गणितातही मागे बसवलं, कारण शाब्दिक उदाहरण त्याला वाचताच येईना. बाईंनी आम्हाला बोलावून हसत हसत समजावलं आणि मला निम्मंच कळलं. आता तो त्या भाषेत भांडतो, विनोद करतो, उत्तम चाललंय त्याचं. पालकसभेत तोच माझा दुभाषी असतो. बाई एक मिनिट बोलतात, तो म्हणतो, ‘बरं चाललंय म्हणतात.’ मी मान डोलावतो. कारखान्यात माझ्या हाताखाली माणसं होती हो.

ही गाडी मी त्याच काळात घेतली. बायको म्हणाली कोरोला घ्या, बरोबरच म्हणाली. पण थंडीत, स्नो पडत असताना, उत्तरेकडच्या लॉरेन्शियन डोंगरांतल्या रस्त्यावर मागच्या चाकांना किती पकड आहे ते मला बसल्या जागी कळतं आणि ते कुणाला विचारावं लागत नाही. तुम्ही हौस म्हणता, मीही लोकांना हौसच सांगतो.

करमतं का? फेब्रुवारीत नाही. गणपतीत मंडळात जा, लोक भेटतात. एवढंच.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक हे राहिलं. उताराला, निसरड्यावर कुठला गिअर ठेवायचा हे आपल्या हातात असलेलं बरं, म्हणून मी मॅन्युअल म्हणतो. बायको चालवणार असेल तर तिला विचारा. आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला मानिवाकी गावाला पर्स-नेज ही गाड्यांची रॅली असते, जंगलातले बंद रस्ते, सगळा बर्फ आणि बऱ्याच गाड्या आपल्याच जातीच्या, सुबारू. मी जातो. गाडीत जागा आहे. थर्मासमध्ये चहा घरून आणा, वाटेत मिळतो त्याला मी चहा म्हणत नाही.